चेटकिणीचा वारसा : ‘अलबत्या गलबत्या’

परीकथा म्हणजे लहानपणीची करमणूक, मोठेपणी विसरून जाण्याची गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचे ‘अलबत्या गलबत्या’ हे बालनाट्य या समजाला छेद देते.

मराठी बालरंगभूमीच्या इतिहासात १९५९ हे वर्ष महत्त्वाचे होय. त्या वर्षी सुधा करमरकर यांनी ‘लिट्ल थिएटर’ स्थापन करून मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. तोवर मुलांचे नाटक बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनापुरतेच असे. कसलेल्या नटांनी, संपूर्ण नेपथ्य व प्रकाशयोजनेसह, खास मुलांसाठी नाटक करावे हा विचार येथे रुजला. पुढे १९६२ साली मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली.

‘अलबत्या गलबत्या’ पाहिलेल्यांच्या मनात घर करून राहते ती चिंची चेटकीण. ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली. २०१८ साली चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा आले, तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. धिप्पाड पुरुषाने सोंग घेतल्याने चेटकिणीची भीती वाटते. आणि ते सोंग आहे हे कळत असल्याने हसूही येते. आपल्या भीतीला हसता येते, हा धडा मूल उपदेशावाचून शिकते.

ही परंपरा जुनीच आहे. आपल्या वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्या वळणाच्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत. चिंची त्यांच्याच कुळातली!

आज नवी मुंबईतील अनेक मराठी मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या ओळखीच्या चेटकिणी परदेशी चित्रपटांतल्या. चिंची मात्र मराठीत चिडते, मराठीत लाडीगोडी लावते. आणि आजी व नात एकाच वाक्याला हसतात. भाषा टिकते ती अशा सामायिक हसण्यातून.

तथापि, जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन म्हणजे वारसा चालविणे नव्हे. ‘मधुमंजिरी’ आले तेव्हा ते नवे होते. एकांकिका स्पर्धांसाठी रात्री जागविणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी वर्षाकाठी एक नवे बालनाट्य लिहून जवळच्या शाळेत करावयास काय हरकत आहे?