रेडवूडच्या रानात पहिला मुक्काम: तंबू ठोकण्यापासून गाशा गुंडाळण्यापर्यंत

बे एरियात राहता, तंबू कोरा करकरीत खोक्यात पडून आहे आणि यंदा जायचंच असं ठरलंय? मग चला पोर्टोला रेडवूड्स स्टेट पार्कला. क्रम मात्र असाच ठेवा.

सोबत घ्या: तंबू, खाली घालायची ताडपत्री, हातोडी, स्लीपिंग बॅगा, हेडलॅम्प, गॅसची शेगडी, बादली, घमेलं.

1. जागा आरक्षित करा. ‘रिझर्व्हकॅलिफोर्निया’वर मुक्कामाच्या सहा महिने आधी, सकाळी 8 वाजता आरक्षण उघडतं. शनिवार हवा असेल तर आठला पाच कमी असतानाच लॉग-इन करून बसा. हिवाळ्यात इथला तंबूतळ बंद असतो.

2. आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर शेकोटीला बंदी आहे का ते बघा. कोरड्या दिवसांत ती हमखास येते.

3. आरक्षण आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. तिथे रेंज नसते, त्यामुळे ‘पोचल्यावर बघू’ चालणार नाही.

4. शेकोटीचं लाकूड उद्यानाजवळच विकत घ्या. घरून नेऊ नका, लाकडातून झाडांची कीड प्रवास करते. रानातली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही.

5. दुपारी 2 ला पोचा. जागा तेव्हाच ताब्यात मिळते. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा.

6. खाण्याचं सगळं सामान जागेवरच्या पेटीत ठेवून कडी लावा. हो, तंबूच्या आधी! ‘सगळं’ म्हणजे टूथपेस्टसुद्धा. रकून महाराज दिवेलागणीला फेरी मारतात आणि तंबूत लपवलेला चिवडा त्यांना आपल्याआधी सापडतो.

7. सपाट जमीन निवडा. मग मान वर करा: डोक्यावर वाळकी फांदी लटकत असेल तर सरका. कडेला तीन-तीन पानांचं झुडूप दिसलं तर हात लावू नका. ते पॉयझन ओक, अंगाला आठवडाभर खाज सुटते.

8. ताडपत्री अंथरा, तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं आत दुमडून. कड बाहेर राहिली तर तिच्यावर पडलेलं पाणी थेट तुमच्या पाठीखाली येतं.

9. दांड्या ओवून तंबू उभा करा. दांडी ढकलत न्या. ओढलीत की सांध्यातून सुटते.

10. खुंट्या ठोका, आधी समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, सरळ ठोकलेली खुंटी उपटून येते.

11. वरचं आच्छादन चढवा, आभाळ निरभ्र असलं तरी. पहाटे धुकं आलं की रेडवूडवरून पाणी टपटपत राहतं.

12. शेगडी बाहेर ठेवून स्वयंपाक करा. तंबूच्या आत कधीही पेटवू नका. विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो.

13. जेवल्यावर चुरा वेचा. इथे घाई नको. टेबलाखाली, बाकांच्या फटींत, मुलांच्या मांडीवरून सांडलेला, शेवेचा शेवटचा तुकडादेखील. या जुन्या रेडवूडांच्या उंच फांद्यांवर मार्बल्ड मरेलेट हा समुद्रपक्षी अंडी घालतो. चुऱ्याला चटावलेले निळे ‘जे’ पक्षी आणि डोमकावळे तळावर गोळा होतात आणि मग मरेलेटची अंडी-पिल्लंही खातात. तेव्हा फरसाण टाळा, दशम्या न्या. चवीला उत्तम आणि सांडत नाहीत.

14. भांडी घमेल्यात धुवा. पिण्याच्या नळाखाली नाही, ओढ्यात तर नाहीच. खरकटं पाणी ठरवून दिलेल्या जागीच ओता.

15. शेकोटी केली असेल तर झोपण्याआधी विझवा: पाणी ओता, ढवळा, परत ओता. हाताची पालथी बाजू राखेवर धरा. ऊब लागली तर अजून एक बादली.

16. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळा. अंताक्षरी दहाच्या आत आटपा, आणि पहाटे पाचला खिचडीचा कुकर लावू नका. शेजारच्या तंबूला शिट्ट्यांची सवय नसते.

17. सकाळी पोहे खाऊन तंबू उलट्या क्रमाने उतरवा. खुंट्या मोजून पिशवीत भरा, एक तरी गवतात राहतेच.

18. दुपारी 12 च्या आत जागा सोडा.

19. घरी आल्याआल्या तंबू गॅलरीत पसरून कोरडा करा. दमट तंबू घडी करून ठेवलात तर बुरशी धरते आणि तो वास पुन्हा जात नाही.