जालन्याचा कापूस, देवगडची होडी

माझं गाव अंबड तालुक्यातलं, मोसंबीच्या पट्ट्यातलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून नेमणूक मिळाली ती थेट सिंधुदुर्गात, देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावी. मराठवाड्यातले असे कितीतरी गुरुजी कोकणात नोकरी करतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघतात. मीही बघत होतो. त्या वर्षांत माडाखाली उघडी पडलेली, शिडाची एक जुनी होडी मी मागून घेतली आणि गावातल्या वयस्कर मेस्तांच्या, म्हणजे सुतारांच्या, हाताखाली राहून ती दुरुस्त केली. सुतारकाम कधी केलं नव्हतं. पोहायलासुद्धा तिथंच शिकलो.

१. पाऊस होडीचं वाटोळं करतो, हे मनाला पटायला फार वेळ लागला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या घरानंही टँकरच्या पाण्यावर झाडं धरून ठेवायची धडपड केली आणि शेवटी खोडं तोडून जळणाला घातली. अशा घरातून आलेल्या माझ्यासारख्याला मेस्त सांगत होते, होडी कुजवली ती पावसानं. बघितलं तर खरंच, सतत खाऱ्या पाण्यात राहिलेल्या तळाच्या फळ्या ठणठणीत होत्या. सडली होती ती काठाची वरची फळी आणि आतले कोपरे, जिथं पावसाचं गोडं पाणी साचून राहिलं होतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडी ओल लागते, मीठ तिला मानवत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, त्यासाठी होडी अधूनमधून वर ओढून वाळवतात, तळाला तेल चोपडतात. पण पावसाळ्यात तिला आडोसाच लागतो. आमचे वडील, अण्णा, जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि त्याच जूनमध्ये किनाऱ्यावरची माणसं होड्या वर ओढून झापांखाली झाकून ठेवतात.

२. काय ठेवायचं हे ठरवण्यात निम्मं काम असतं. मेस्तांनी सुरुवातीला करवतीला हातच लावला नाही. ते फक्त दाभण घेऊन फळी टोचत फिरायचे आणि लाकडावर टिचकी मारून ऐकायचे. मऊ लागलं तिथं खडूची खूण. गावातल्या तरुणांचा सल्ला वेगळा होता: वरून फायबरचं आवरण चढवा, पुन्हा बघायला नको. मला तो आजही पटत नाही. जुन्या लाकडात ओल मुरलेली असते. तिला आत कोंडलं तर फळी आतल्या आत कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. फायबरची होडी करायची तर नवीच करावी. खाडीत तिचा उपयोग उत्तम आहे, पोट भरणाऱ्यांनी ती घेतली यात काही चूक नाही.

३. लोखंड लाकडाला मारतं. मी जालन्याचा, आमच्या औद्योगिक वसाहतीत सळया बनतात, लोखंडावर शहराचा मोठा भाग जगतो. होडीतला जुना लोखंडी खिळा ओढला तर तो हातात भुकटी होऊन आला, आणि त्याच्याभोवतीचं लाकूडही काळं, भुसभुशीत झालेलं. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि जाताना शेजारच्या लाकडाला घेऊन जातं. आम्ही तांब्याचे खिळे वापरले. महाग पडले, पण त्यात तडजोड नको, असंच मी कुणालाही सांगेन.

या खिळ्यांमुळे मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता घरी पोचलो. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर खिळ्यांशिवाय, फळ्या काथ्याच्या दोरानं शिवून जहाजं बांधत. भारतीय नौदलात मे २०२५ मध्ये कारवारला दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे त्याच पद्धतीनं शिवलेलं शिडाचं जहाज. त्याचा आराखडा कशावरून केला? अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या, पाचव्या शतकातल्या जहाजावरून. अजिंठा आमच्या जिल्ह्यातल्या भोकरदनहून फार लांब नाही. आणि भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या दानशूरांची नोंद सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरच्या लेखांत आहे. १९७०च्या दशकातल्या उत्खननात तिथं जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिचं साम्य इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे त्याच्याही आधी भारतातलं हस्तिदंताचं काम समुद्र ओलांडून गेलं होतं, लाकूड, दोर आणि कापडाच्या जोरावर. जालना जिल्ह्याचा समुद्राशी काय संबंध, असं मला शाळेतले सहकारी विचारायचे. मी भोकरदनचं नाव सांगू लागलो.

४. होडीत पाणी शिरू न देणारी वस्तू आमच्या शेतात पिकते. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाच्या पिळलेल्या वाती ठोकून बसवतात, वरून तेलात कढवलेली राळ. मेस्तांना कापूस हवा होता तो सरकी काढलेला, लांब धाग्याचा. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो आणि येताना पोतं भरून घेऊन आलो. तो हातात घेऊन मेस्तांनी धागा ओढून बघितला, मान हलवली. त्या मान हलवण्यानं मला झालेला आनंद मी लपवत नाही.

ठोकण्याचं तंत्र मात्र हातात यायला वेळ लागतो. वाटतं, जितका गच्च तितका चांगला. तसं नसतं. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, कापूसही फुगतो. आधीच गच्च भरलं असेल तर फुगणाऱ्या फळ्या एकमेकींना रेटतात, खिळे उपटतात, आतले वाक, म्हणजे होडीच्या फासळ्याही मोडू शकतात. फट भरायची, पण फुगायला जागा ठेवून. ती जागा किती, हे मेस्त ठोक्याच्या आवाजावरून ओळखायचे. मला अजून सगळ्या ठिकाणी ओळखता येत नाही.

५. कोरडी होडी गळते. अमावास्येच्या उधाणाच्या भरतीला आम्ही ती खाडीत लोटली आणि बघता बघता आत पाणी भरलं. माझं तोंड उतरलं. मेस्त काठावर शांत बसलेले. म्हणाले, “गुरुजी, लाकडाक तान लागली हा. पिऊंदे तेका.” होडी तशीच अर्धी बुडवून ठेवली. काही दिवसांनी पाणी उपसलं, ते परत भरलं नाही. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या.

हे सगळं मी नवलानं अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “मंग? उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं झालं की आपण काय करत होतो? डोहात घालून ठेवत होतो नं.” मला आठवलं. तुंब्यातले आरे वाजायला लागले, धाव निसटायला आली की बैलगाडीची चाकं पाण्यात ठेवायची. लाकूड फुगलं की चाक पुन्हा आवळून यायचं. लहानपणी ती चाकं ढकलत मीच डोहापर्यंत नेली आहेत. डोह आटले, गाड्यांना टायर आले, आणि ते ज्ञान माझ्या डोक्यातून निघून गेलं. जे शिकायला मी अख्खं राज्य ओलांडून आलो असं मला वाटत होतं, ते माझ्या वडिलांना ठाऊक होतं. मग पुढच्या मे महिन्यात अण्णांना बोलावून घेतलं. ते आणि मेस्त दुपारभर बाभूळ आणि सागावर बोलत बसले. एक बोलतो अहिराणी, एक कानडी असं ऐकणाऱ्याला वाटावं इतक्या त्यांच्या बोली वेगळ्या, पण दोघांचंही कुठं अडलं नाही.

६. वारा व्याख्येत मावत नाही. खारे वारे आणि मतलई वारे मी वर्गात शिकवत होतो: दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. जुने तांडेल पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, हे मला शीड बांधल्यावर उमगलं. माझ्या वर्गातल्या मुलांना ते घरूनच माहीत होतं. व्याख्या तेवढी ती माझ्याकडून लिहून घेत होती. समोरून वारा असताना तिरकं, एकदा या अंगानं एकदा त्या अंगानं जात पुढं सरकता येतं, हे त्यांच्यापैकीच एकीनं मला दाखवलं.

७. समुद्राचं वेड किनाऱ्यावरच राहतं असं नाही. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिले. भारतीयानं शिडाच्या होडीतून एकट्यानं जगाला फेरी मारावी, हा ध्यास त्यांचा. कमांडर दिलीप दोंदे यांनी तो पुरा केला. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि दोंदे त्या बांधणीत सुरुवातीपासून होते. मेस्तांना मी ही हकिगत वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, सुकाणू कसलं होतं?

८. बदली झाली. होडी मी आणली नाही. जालन्याच्या उन्हात ती महिन्याभरात फाटेल. ती मेस्तांच्या नातवाच्या ताब्यात आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी जाऊन तिला उंडीचं तेल चोळतो. यंदा शीड बदलायचं आहे. अंबडमध्ये पोळ्याच्या झुली शिवणारे एक कारागीर आहेत, त्यांना जाड सुती कापड आणि मापं दिली आहेत. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. कापड पसरून त्यांनी विचारलं, ताण कोणत्या कोपऱ्यावर जास्त येतो. मी दाखवला, तिथं ते तिहेरी शिवण घालणार आहेत.