एक जात, दोन घराणी

शेतातल्या वस्तीवर राखणीला अल्सेशियन असावा, ही हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. पिल्लू घ्यायला गेलेला शेतकरी बहुधा दोन गोष्टी विचारतो: किंमत काय आणि कागद आहेत काय. विकणारा वंशावळीचा कागद पुढे करतो, आजा-पणजांच्या नावांपुढे प्रदर्शनांतली बक्षिसे लिहिलेली असतात, आणि सौदा ठरतो. या पिल्लाच्या आईबापांनी कधी काम केले आहे काय, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांची हकीकत आहे. ती ठाऊक असेल तर पैसे वाचतील आणि एका मुक्या जनावराचे हालही टळतील.

अल्सेशियन हे नाव इंग्रजांनी दिलेले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला होता, म्हणून त्यांनी फ्रान्सच्या सरहद्दीवरील आल्सास प्रांताचे नाव या कुत्र्याला चिकटवले. १९७७ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने मूळ नाव परत दिले. ते आहे जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मनीतल्या मेंढपाळाचा कुत्रा.

हा मेंढपाळाचा कुत्रा करीत काय असे? आपल्या शेतात मेंढरे बसवायला येणाऱ्या धनगराचे कुत्रे लांडग्यापासून कळप राखते. जर्मन कुत्र्याला याच्या उलटेही काम होते, मेंढरांपासून पीक राखण्याचे. तिकडे दोन्ही बाजूंना पीक आणि मध्ये गवताची पट्टी, कुंपण कुठेच नाही. कळप पट्टीत चरत असे आणि कुत्रा पिकाच्या कडेने दिवसभर येरझारा घालीत असे. चालते-बोलते कुंपणच म्हणा. पिकाला तोंड लावणारी मेंढी परतवायची, पण तिला जखम करायची नाही. त्यासाठी तासन्‌तास न थकणारी दुडकी चाल, सरळ मजबूत पाठ, धन्याच्या शब्दाकडे कान आणि शांत डोके लागे. यांपैकी एक जरी गोष्ट कमी असली तरी मेंढपाळाला तो कुत्रा परवडत नसे.

घोडदळातील एक अधिकारी, कॅप्टन माक्स फॉन स्टेफानिट्झ, असाच कुत्रा शोधीत होते. १८९९ सालच्या एप्रिलमध्ये कार्ल्सरूह येथे त्यांना तो मिळाला. त्यांनी त्याचे नाव होरांड ठेवले, त्याच महिन्यात या जातीची संस्था काढली आणि नोंदवहीत होरांडला पहिला क्रमांक दिला. (गंमत अशी की तो त्यांना एका प्रदर्शनातच दिसला होता.) कुत्र्याचे सौंदर्य त्याच्या उपयोगात आहे, असा त्यांचा दंडक होता. पुढे कारखाने वाढले, मेंढरे कमी झाली, तेव्हा त्यांनी आपला कुत्रा पोलिसांच्या व लष्कराच्या कामी आणला. माग काढणे, आज्ञा पाळणे व धन्याचे रक्षण करणे अशा तीन अंगांची परीक्षा या जातीसाठी रूढ झाली. १९३६ साली स्टेफानिट्झ वारले.

आता दोन घराणी कशी झाली ते पाहू. बैलबाजारात आपण दात पाहतो, खूर पाहतो, शिंगांचा डौल पाहतो. पण जाणता शेतकरी जुंपून पाहिल्यावाचून बैलाची खात्री मानीत नाही. प्रदर्शनातल्या पंचाला जुंपून पाहण्याची सोय नसते. त्याच्यासमोर कुत्रा रिंगणात काही वेळ दुडक्या चालीने फिरतो. आठ तासांनंतर तो थकेल की नाही हे तिथे दिसत नाही; दिसते ते एका ढांगेत तो किती जमीन कापतो एवढेच. मागचा पाय जितका लांब आणि जितका वाकलेला, तितकी ढांग डोळ्यांत भरते. म्हणून तशा कुत्र्यांना बक्षिसे मिळाली, बक्षीस मिळालेल्या नरालाच लोकांनी आपल्या कुत्र्या दाखवल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ मागे उतरत गेली. काही घराण्यांत तर कुत्रा उभा आहे की बसू लागला आहे हे कळू नये इतकी. २०१६ साली इंग्लंडमधील क्रफ्ट्स या मोठ्या प्रदर्शनात या जातीतील पहिला क्रमांक अशाच उतरत्या पाठीच्या कुत्रीला मिळाला, तेव्हा तिची अडखळती चाल पाहून तिथल्या लोकांतही मोठा गदारोळ उठला. दिवसभर चालण्यासाठी जी चाल होती, तिचेच चित्र काढता काढता चालणारे पाय बिघडले!

दुसरे घराणे पोलीस, लष्कर आणि कामाच्या स्पर्धांसाठी कुत्रे तयार करणाऱ्यांचे. त्यांनी रूपाकडे फारसे पाहिले नाही. त्यांचा कुत्रा अंगाने हलका, पाठीने सरळ, रंगाने पुष्कळदा लांडग्यासारखा करडा. प्रदर्शनाच्या घराण्यात काळी खोगिरासारखी पाठ आणि तांबूस अंग अधिक दिसते. रंगाने काम होत नाही हे खरे, पण घराणे ओळखायला रंगाचा उपयोग होतो.

जर्मनीत प्रदर्शनाच्या कुत्र्यालाही पैदाशीपूर्वी कामाची परीक्षा द्यावी लागते, २० किलोमीटर धावून दाखवावे लागते, हेही सांगितले पाहिजे. पण पस्तीस गुण मिळवून पास होणे वेगळे आणि त्या विषयात पारंगत असणे वेगळे. बियाण्यासाठी कणसे निवडताना आपण फक्त दाण्याची चमक पाहिली तर जोंधळ्याची काटकता आपोआप टिकत नाही. कुत्र्याचेही तसेच आहे; ज्या गुणाकडे पाहणे सोडले तो हळूहळू निसटतो. ब्रिटनच्या मेंढपाळांनी हे ओळखले होते. वेल्समधील बाला येथे १८७३ साली त्यांनी कुत्र्यांची परीक्षा प्रत्यक्ष मेंढरे वळवायला लावून घेतली. बॉर्डर कॉली ही त्यांची जात अशा परीक्षांतूनच घडली. १९९५ साली अमेरिकेतील केनेल क्लबने तिला प्रदर्शनाच्या जातींत घेतले तेव्हा कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता.

बेळगाव भागातील वाचकांना मुधोळ काही दूर नाही. तिथला कारवानी कुत्रा सशामागे धावून घडलेला. आज सशाची शिकार कायद्याने गुन्हा आहे, आणि तसा तो असावाही. पण मग या कुत्र्याचा वेग आणि दम कशावर पारखणार? नुसती निमुळती तोंडे आणि बारीक कंबरा पाहून पिल्ले विकली जाऊ लागली तर तोही त्याच वाटेने जाईल.

खुब्याच्या विकाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो दोन्ही घराण्यांत आढळतो. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटी उथळ असली की गोळा हलतो, सांधा झिजतो, आणि ऐन उमेदीत कुत्रा उठताना कण्हू लागतो. हा दोष आईबापांकडून येतो, तसाच पिल्लाला फार खाऊ घालून वाढतोही. लाडाने दिलेले तूप-भात इथे नडतात. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर एक प्रयोग झाला. निम्म्यांना जोडीदारापेक्षा चौथाईने कमी खाणे दिले. २००२ साली त्याचा निष्कर्ष आला: कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. वाढत्या पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

तेव्हा पिल्लू घेताना आधी त्याची आई दाखवा म्हणावे. ती कशी उठते, कशी चालते, अनोळखी माणसाला पाहून भुंकते की कोपऱ्यात दडते, हे पाहावे. आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, तेही विचारावे. पिल्लांजवळ एखादी थाळी आपटावी. दचकणे स्वाभाविक आहे, पण थोड्याच वेळात परत येऊन थाळीचा वास घेणारे पिल्लू घ्यावे.

मात्र कुत्र्याला दिवसभर साखळीने गोठ्याच्या खांबाला बांधून ठेवणार असाल, तर कामाच्या घराण्याचे पिल्लू आणूच नका. त्याला रोज धावणे आणि रोज काही ना काही काम हवे असते. ते मिळाले नाही तर ते स्वतःच काम शोधते, कोंबड्या मारते, घरी येणाऱ्या पोरांवर धावते. अशा घरी, भाकरीवर जगणारा आणि रात्री खळ्यावर जागणारा आपला गावठी कुत्राच बरा. पिल्लू कोणतेही असो, तिसऱ्या महिन्यात पिसाळीची लस टोचून घ्यावी आणि पुढची टोचणी केव्हा हे पशुवैद्याकडून लिहून आणावे.