पाळीआधीचे ते दिवस अंगावर काढू नका

मस्कतच्या अल् खुवैर भागात राहणाऱ्या मराठी भगिनी माझ्याकडे येतात त्या पाठदुखीसाठी, अंगावर सूज येते म्हणून, नाहीतर झोपेची गोळी मागायला. बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर येते. महिन्यातले काही दिवस असे जातात, की मुलाच्या हातून पाणी सांडलं तरी घर डोक्यावर घेतलं जातं, नवऱ्याशी अबोला धरला जातो, बाथरूमचं दार लावून रडू येतं. मग पाळी येते आणि दोन-तीन दिवसांत जीव हलका होतो. मागे उरते ती मुलावर हात उगारल्याची शरम.

कारण विचारलं तर उत्तर तयार असतं : मस्कतचं आयुष्य. नवरा सकाळीच ऑफिसला, मुलं बसने शाळेत, फॅमिली व्हिसावर आल्यामुळे पुण्या-नाशकातली नोकरी सुटलेली, आणि मे-जूनच्या उन्हात बाहेर पाऊल टाकवत नाही. यातलं काहीच खोटं नाही. पण एकटेपणा महिनाभर असतो, पाळीच्या तिसऱ्या दिवशी तो उठून निघून जात नाही. जे पाळीच्या हिशेबाने येतं आणि जातं, त्याचं मूळ शरीरात शोधायला हवं.

पाळीआधी थोडी चिडचिड होणं, छाती जड वाटणं, पोट फुगणं हे बहुतेक बायकांना होतं. शंभरातल्या साधारण तीन ते आठ जणींना मात्र याचं फार तीव्र रूप भोगावं लागतं. त्याला पीएमडीडी म्हणतात. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नैराश्याच्या आजारांमध्ये त्याची स्वतंत्र नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे. तेव्हा सासरी किंवा माहेरी कुणी ‘नाटकं’ म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका.

या भगिनींच्या हार्मोनच्या तपासण्या बहुधा नॉर्मल येतात आणि तिथेच ‘काही नाही, जरा मन रमवा’ म्हणून त्यांची बोळवण होते. मला याचा राग येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 1998मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधाने बीजकोशांचं काम तात्पुरतं थांबवल्यावर त्रास असलेल्या अनेक स्त्रियांची लक्षणं गेली. मग त्यांना हार्मोन पुन्हा दिले, तर लक्षणं परत आली. ज्यांना मुळात त्रास नव्हता, त्यांना तेच हार्मोन देऊनही काही झालं नाही. म्हणजे रक्तातलं प्रमाण इतरांसारखंच असतं, त्याच्या चढउताराला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. यात स्वभावाचा दोष नाही.

डॉक्टरकडे येण्याआधी एक काम घरीच सुरू करा. इथल्याही बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा हिशेब इथे लिहावा लागत नाही, त्यामुळे चौकोन रिकामेच असतात. रोज रात्री झोपण्याआधी त्यात चार आकडे लिहा : चिडचिड, उदासी, अस्वस्थता आणि कामात मन न लागणं. अजिबात नाही तर 1, अगदी असह्य तर 6. पाळीच्या दिवसांवर खूण करा. असं सलग दोन महिने. आठवून एकदम लिहू नका, कारण वाईट दिवसात सगळा महिनाच वाईट गेल्यासारखा वाटतो.

आकडे पाळीच्या आधीच्या आठवड्यात चढले, पाळी सुरू झाल्यावर उतरले आणि नंतरचा आठवडा स्वच्छ गेला, तर पीएमडीडीची शक्यता मोठी. आकडे महिनाभर चढलेलेच असतील आणि पाळीआधी आणखी वाढत असतील, तर ते मुळातलं नैराश्य असू शकतं. त्याला महिनाभराचे उपचार लागतात, आणि हा फरक त्या कागदाशिवाय मलाही सांगता येत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. चाळिशीनंतर त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर रजोनिवृत्तीच्या आधीचे बदलही लक्षात घ्यावे लागतात.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम ही नैराश्यावरचीच औषधं, पण नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत तो बहुधा काही दिवसांतच दिसतो. म्हणून अनेक जणींना ती पाळीआधीचे चौदा दिवसच घेतली तरी चालतात. या गोळ्यांची चटक लागत नाही. सुरुवातीला मळमळ होते, काहींची कामेच्छा कमी होते. तसं झालं तर न संकोचता सांगा, औषध बदलता येतं. ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळीही उपयोगी पडते. मात्र रक्तदाब, धूम्रपान किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, तर ती घ्यायची नाही. चालणं, योगासनं, पुरेशी झोप, समुपदेशन यांनी सौम्य त्रास कमी होतो. उन्हाळ्यात संध्याकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालेल. पण त्रास तीव्र असेल, तर फक्त चालण्यावर सहा महिने घालवू नका.

गणपती किंवा सत्यनारायण आला की ‘पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या’ मैत्रिणीकडून घेतल्या जातात. त्यांत नॉरइथिस्टेरॉन असतं. पाळीआधी ज्यांचं मन आधीच ढासळतं, त्यांची उदासी या गोळ्यांनी वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. सुट्टीला भारतात गेल्यावर तिथून औषधं आणणार असाल, तर मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसह आणा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांचे इथले नियम निघण्याआधी नीट पाहून घ्या.

नवरेमंडळींनाही सांगायचं आहे. भांडणात ‘तारीख जवळ आली वाटतं’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. त्याऐवजी बऱ्या दिवसांत दोघं बसा आणि त्या आठवड्यात मुलांचा अभ्यास कोण घेईल, पाहुणे टाळता येतील का, ते ठरवा. मोठे निर्णय पाळीनंतर घ्या. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर लोक काय म्हणतील, अशी भीती वाटत असेल, तर सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञापासून किंवा आपल्या फॅमिली डॉक्टरपासून करा.

आणि एक गोष्ट थांबवून ठेवण्यासारखी नाही. जगू नये, असा विचार एकदा जरी मनात आला, तरी ‘चार दिवसांनी जाईल’ म्हणत थांबू नका. त्याच क्षणी नवऱ्याला, शेजारणीला, कुणालातरी सांगा आणि जवळच्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. ओमानमध्ये आपत्कालीन मदतीचा क्रमांक 9999 आहे. तो फोनमध्ये आजच साठवून ठेवा.