प्रोटोकॉल पाठवण्याआधी

चि. सायली,

तुझा प्रोटोकॉल वाचला. पक्षाघातानंतर चांगला हात जाड हातमोज्यात अडकवून दुबळ्या हाताला कामाला लावायचं, हा विषय ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटीच्या) विद्यार्थिनीला शोभणारा आहे. पण अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ ट्रायलचं वेळापत्रक तू जसंच्या तसं उचललंस: दोन आठवडे, जागेपणीचा नव्वद टक्के वेळ हातमोजा. ज्याचा डावा हात गेलाय त्याचा उजवा अडकवलास, तर तो जेवणार कसा? डाव्या हाताने घास घ्यायला आपल्याकडची कितीतरी वयस्क माणसं राजी होत नाहीत. मग सून भरवते, आणि तुझी थेरपी तिथेच संपते. हातमोजा केव्हा काढायचा, हे पेशंट आणि घरच्यांसोबत बसून ठरव, लिहून त्यावर सही घे. पाण्याची कामं आणि तोल जाण्याचे प्रसंग त्यात आधी धर.

‘एक्साइट’मध्ये सात संस्थांनी साडेतीन हजारांवर माणसं चाळली, तेव्हा २२२ मिळाली. तू एकटी, एका ओपीडीत, सहा महिन्यांत साठ म्हणतेस! गेल्या वर्षीचं रजिस्टर काढ, निकषांत बसणारे मोज, मगच आकडा लिही. त्यातलेही काही गळतील. पेशंटला आणणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. निदान येण्याजाण्याचं भाडं बजेटमध्ये हवंच.

कंट्रोल ग्रुपपुढे नुसतं ‘नेहमीची थेरपी’ लिहिलंयस. म्हणजे काय, किती वेळ, कोणाकडून? एका गटाला रोज तीन तास आणि दुसऱ्याला अर्धा, असं झालं तर फरक हातमोज्याने पडला की तुझ्या सहवासाने, हे कसं सांगशील? लॉस एंजेलिसच्या ‘वेल एल्डरली’ अभ्यासात (१९९७) ३६१ वृद्ध होते. तिथे ओटीच्या गटाशिवाय काहीच न मिळालेला गट होता, आणि नुसत्या सामाजिक कार्यक्रमांचा तिसराही. त्या तिसऱ्या गटामुळेच निकालाला वजन आलं.

पेशंट आणि थेरपिस्ट यांच्यापासून गट लपवता येत नाही; मोजमाप करणारीपासून येतो. ती वेगळ्या खोलीत बसू दे. तुझी रूममेट चालणार नाही, तिला सगळंच माहीत असतं. पेशंटलाही बजाव, नाहीतर आत शिरताच तो हातमोज्याचं कौतुक सुरू करील.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतली नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी व्हायला हवी. मागाहून केलेली नोंदणी चालत नाही. दुरुस्त प्रत गाईडना देण्याआधी मला पाठव.

तुझी आत्या