दोनदा मारला की लागतो!

पास्कलचा नियम आपण आजवर किती वेळा लिहिला असेल? शाळेत लिहिला, मग फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात लिहिला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. दोन दट्टे काढायचे, एक छोटा, एक मोठा, बाण दाखवायचे, मार्क खिशात. पण या नियमात ‘बंदिस्त’ आणि ‘द्रव’ हे दोन शब्द कशासाठी आहेत, हे मला गेल्या मे महिन्यात वाईला, आमच्या अंगणात गाडीखाली आडवं पडल्यावर समजलं.

बाबांची नोकरी पाचगणीला. सकाळी पसरणीचा घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. गाडी जुनी, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. सुट्टीला गेलो त्याच रात्री जेवताना बाबा म्हणाले, "ब्रेक जरा मऊ लागतोय. दोनदा मारला की लागतो." आई लगेच म्हणाली, "घरात इंजिनियर असताना गॅरेजला कशाला जायचं?" झालं! थर्ड इयर मेकॅनिकलची इज्जत पणाला लागली.

बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली. नवीन बाटली आणून भरलं, झाकण लावलं, हात पुसले आणि "झालं काम" म्हणून जाहीर केलं. चार दिवसांनी पातळी पुन्हा खाली! म्हणजे चार दिवस बाबा माझ्या भरवशावर घाट उतरत होते. पॅड झिजतात तशी पातळी उतरते हे खरं, पण ते काम महिन्यांचं असतं. चार दिवसांत उतरली तर ते कुठेतरी गळतंच आहे. मी रोग न बघता नुसतं सलाईन लावलं होतं.

मग शहाण्यासारखा ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि पायाने अभ्यास सुरू केला. पेडल पुष्कळ काही सांगतं, फक्त आपण घाईने पाना हातात घेतो. स्पंजवर पाय दिल्यासारखं वाटलं, तर पाइपात हवा शिरलेली असते. पेडल खूप खाली जातं पण तिथे टणक लागतं आणि दुसऱ्या वेळी दाबल्यावर वर येतं, तर बहुतेक मागच्या ड्रममधले लायनर झिजून शू आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबेना, तर बूस्टरकडे बघायचं. त्याची सोपी परीक्षा अशी: इंजिन बंद ठेवून चारपाच वेळा पेडल मारायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली सरकलं तर बूस्टर काम करतोय. आणि पाय स्थिर ठेवला असतानाही पेडल हळूहळू खाली बुडत गेलं तर... ते पुढे सांगतो, कारण ते माझ्याच हातून घडलं.

आमचं पेडल स्पंजसारखं होतं. थोडीशी हवा एवढा गोंधळ कसा घालते, याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर करून बघा. पायाचा जोर २०० न्यूटन. पेडलच्या तरफेमुळे तो चौपट झाला, ८०० न्यूटन. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, दाब सुमारे २५ बार. (बूस्टरची मदत मी धरलेली नाही.) आता पाइपात ३ घन सेंटिमीटर हवा आहे असं समजा. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही एवढी! या दाबाखाली तिचा साधारण सव्विसावा हिस्सा उरतो. ती मोकळी झालेली जागा भरायला दट्ट्याला ९ मिलिमीटर जादा सरकावं लागतं आणि पेडलला त्याच्या चौपट, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरच्या वर. ब्रेक अजून लागायचाच आहे, आणि पेडलची बरीच चाल हवा दाबण्यातच संपली. दुसऱ्यांदा मारल्यावर डबीतलं आणखी ऑईल आत येतं म्हणून पेडल वर येतं. बाबांचं "दोनदा मारला की लागतो" हे असं होतं. घाटात वळणावर समोरून एसटी आली तर दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळेलच असं नाही.

गळती शोधायला उजेड आणि कोरडं फडकं पुरे. पाइपांचे सांधे, रबरी होज, पुढचे कॅलिपर, सगळं कोरडं. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला मात्र ओला ओघळ. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी उचलून स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, हे मी ओरडून सांगतो), ड्रम काढला. व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने उचलताच ऑईलची धार लागली. लायनर चिंब. तेलकट झालेला लायनर पुसून वापरायचा नसतो. नवीन व्हील सिलिंडर आणि दोन्ही मागच्या चाकांचे शू आणले.

ब्रेक ऑईलबद्दल एक. नाव ऑईल असलं तरी ते तेल नाही. साधं इंजिन ऑईल किंवा घासलेट त्यात गेलं तर आतली सगळी रबरं फुगून निकामी होतात. शिवाय ते हवेतली वाफ शोषतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले की उकळून आत वाफेचे बुडबुडे, म्हणजे पुन्हा तोच ३ घन सेंटिमीटरचा हिशेब.

आता हवा काढायची. मी चाकाशी, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑईल असलेल्या बाटलीत. पेडलवर आई. "दाब" म्हटलं की दाबायचं आणि "दाबलं" म्हणायचं. मी निपल सैल करणार, बुडबुडे गेले की आवळणार, मगच "सोड". मध्येमध्ये डबी भरत राहायची. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमाने चारही चाकं केली. आईने अगदी जीव लावून दरवेळी पार तळापर्यंत पेडल दाबलं. मीच तसं सांगितलं होतं.

पेडल छान टणक झालं. रात्री बाबांना बोलावून दाखवायला गेलो, इंजिन चालू केलं, पाय ठेवला आणि गप्पा मारत बसलो. पेडल बुडायला लागलं. अगदी सावकाश, अर्ध्या मिनिटात पार खाली. चाकांखाली बघितलं, एक थेंब नाही. डबी भरलेली. बूस्टरच्या तोंडाशीही कोरडं. म्हणजे ऑईल बाहेर जात नव्हतं, आतल्या आत दट्ट्याच्या वायसरवरून मागे पळत होतं. ‘बंदिस्त’ हा शब्द खोटा ठरला होता.

बाबा म्हणाले, "आता टणक लागतोय की! उद्या जाऊन येतो." मी म्हणालो, "बाबा, उद्या तुम्ही एसटीने जा. गाडी मी बिघडवलीय." हे वाक्य बोलायला व्हायव्हापेक्षा जास्त धीर लागला.

सकाळी गॅरेजवाले मिस्त्री घरी आले. ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पेडल तळापर्यंत दाबलं व्हतं का?" मास्टर सिलिंडर उघडून त्यांनी वायसरची फाटलेली कड माझ्या तळहातावर ठेवली. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या सुरुवातीच्या भागातच मागेपुढे होतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज आणि कीट धरतं. जुन्या गाडीत पेडल तळाला नेलं की वायसर त्या खरबरीत भागावर घासतं. म्हणून हवा काढताना मिस्त्री पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात. पाठ्यपुस्तकात मला हा ठोकळा कुठे सापडला नाही.

नवीन मास्टर सिलिंडर बसवला, ठोकळा ठेवून पुन्हा हवा काढली. इंजिन चालू ठेवून एक मिनिट पेडल दाबून धरलं, हललं नाही. मग गाडी आधी अंगणात, मग सपाट रस्त्यावर सावकाश, आणि दोन दिवसांनी घाटात.

हॉस्टेलवर परतल्यावर आमच्या विंगमधल्या डिस्क ब्रेकच्या सहा बाईक बघितल्या. हँडलवरच्या छोट्या खिडकीतून ऑईलची पातळी बघायची, मग लिव्हर मिनिटभर दाबून धरायचा. पाच ठीक निघाल्या. सहावीचा लिव्हर सरकत सरकत मुठीला टेकला. तिच्या मालकाला दाखवलं तर म्हणतो कसा, "त्यात काय एवढं? दोनदा मारला की लागतो!"