वजन तेवढंच, मग शुगर कशी उतरली?

प्रश्न : आमच्या भाऊजींचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. पंधरा वर्षांची शुगर. आठवडाभरात वजन जेमतेम तीन किलो उतरलं, पण इन्सुलिन थेट अर्ध्यावर आलं. वजनाआधीच शुगर कशी उतरली? – एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : या कोड्यानं सर्जनही चक्रावले होते. अमेरिकेतल्या वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये यावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या मथळ्यातच ‘कुणाला वाटलं असतं?’ असं नवल होतं.

पहिलं कारण उपास. सुरुवातीला पोटात पातळ पदार्थांखेरीज काही जात नाही. यकृतातली चरबी भराभर ओसरते आणि रात्रभर रक्तात साखर सोडत बसायची त्याची खोड आवरते. (एकादशीचा साबुदाणा कुणी पुढे करू नये, तो उपास वेगळा.)

दुसरं कारण आतड्यात. या ऑपरेशनच्या बायपास प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न खालच्या टोकाला लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. वजन उतरवणारी जी इंजेक्शनं सध्या गाजताहेत, ती याच संप्रेरकाची नक्कल. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात आतड्याला हात लावत नाहीत. पण नळीसारख्या जठरातून अन्न झटपट उतरतं, म्हणून तिथंही हे संप्रेरक वाढतं.

काट्यावरचं वजन आपल्याकडे तसंही फसवं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच, २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २००४ मध्ये दोघांचा फोटोच छापला. नागपूरचे नेते नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हाही वजनाबरोबर मधुमेहाचं कारण छापून आलं होतं.

भाऊजींची शुगर कायमची गेली, असं मात्र समजू नका. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शिल्लक असतील तेवढाच फायदा, आणि पंधरा वर्षांत त्या बऱ्याच थकतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका अभ्यासात पाच वर्षांनी एचबीए१सी (सरासरी शुगर दाखवणारी चाचणी) ६ किंवा त्याखाली होतं ते बायपासवाल्यांपैकी २९ टक्क्यांचं, स्लीव्हवाल्यांपैकी २३, नुसत्या औषधांवरच्यांपैकी ५. ऑपरेशन झालेल्या पुष्कळांची औषधं मात्र घटली.

घरी ग्लुकोमीटर ठेवा. इन्सुलिनच्या जुन्याच डोसानं शुगर एकदम खाली जाऊ शकते. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. आणि जावयाला आग्रहानं वाढायची आपली वऱ्हाडी रीत जरा आवरा. बायपास असेल तर भरपेट पुरणपोळीनंतर पानावरच घाम फुटू शकतो, छाती धडधडू शकते.